मोबाइल काढून घेतल्याने जुगार सुटत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एडीएचडी (लहानपणापासून लक्ष न टिकणं, उतावळेपणा) आणि कॉलेजातल्या मुलांचा जुगार या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘हे सगळं आजाराचं निमित्त. शिस्त नाही म्हणून होतं. मोबाइल काढून घ्या, प्रश्न मिटेल.’ एडीएचडी असलेली बहुतेक मुलं जुगारात अडकत नाहीत, हे खरंच. पण धोका वाढतो. लहानपणची लक्षणं तरुणपणीही टिकली असतील तर जास्तच.

अशा मुलाला महिन्यानंतरच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ताची छोटी कमाई ओढून घेते आणि आलेली उबळ थोपवणं जड जातं. मटक्याचा आकडा लावला की निकालाची वाट तरी पाहावी लागे. आता पुढच्या चेंडूवर पैसे लागतात, हरलं की लगेच दुसरा डाव. गेलेले पैसे काढायला खेळत राहायचं, आणि कर्ज वाढतं ते इथेच.

फोन काढला तरी मित्राचा फोन असतो, उधारीवर मिळालेला बेटिंग आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, असतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, तरी आयडी विकणारे आहेतच. म्हणून उबळ आणि पैसे यांच्यात अंतर पाडावं लागतं. यूपीआय फक्त एका खात्याला जोडा आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून बंद करा. हे मुलाला सोबत घेऊनच करा. चोरून केलं तर तो दुसरं खातं उघडतो. कर्जाची पूर्ण यादी करा, लोन अॅपसकट, आणि पैसे त्याच्या हातात न देता थेट देणेकऱ्याला द्या.

‘निमित्त’ या शंकेला निदानातच उत्तर आहे. जागरण, नैराश्य, कर्जाची धास्ती यांनीही लक्ष उडतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ वयाच्या बाराव्या वर्षाआधीची लक्षणं शोधतात: जुनी प्रगतिपुस्तकं, ‘हुशार आहे, पण धांदरट’ असे शेरे. ते न्यायला विसरू नका. एडीएचडीच्या गोळीने जुगार आपोआप सुटत नाही. त्यासाठी वेगळं समुपदेशन लागतं, आणि जुगाराची गोष्ट डॉक्टरांपासून लपवली तर उपचार अर्धवटच राहतात.

शिस्तीच्या नावाने एक चूक मात्र करू नका. कर्जाचा आकडा कळल्यावर ओरडण्याआधी स्पष्ट विचारा, ‘जीव द्यावासा वाटला का?’ ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.