‘क्यूट’ म्हणजे कुरूप नव्हे

रंकाळ्यावर काढलेल्या माझ्या पुतणीच्या छायाचित्राखाली तिच्या आत्याने ‘किती क्यूट!’ असे लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या राजारामपुरीतील घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो संदेश येऊन पडला : ‘क्यूट’चा मूळ अर्थ ‘कुरूप, पण गमतीदार’, शब्द आला संस्कृत ‘कूट’, म्हणजे कपट, यावरून, म्हणून मुलींना क्यूट म्हणणे हा अपमान आहे. आठवीतल्या त्या पोरीने छायाचित्र काढून टाकले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

‘कुरूप’ हा अर्थ ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात सापडतो, असे संदेशात ठासून सांगितले आहे. त्या कोशात तसा अर्थ नाही, मूळचा नाही आणि नंतरचाही नाही. नेथन बेली यांच्या १७३१ च्या इंग्रजी कोशात हा शब्द येतो तो ‘तल्लख, चाणाक्ष’ या अर्थाने. ‘अ‍ॅक्यूट’ या शब्दातला पहिला स्वर झिजून ‘क्यूट’ उरला. आपल्याकडे ‘अरण्य’चे ‘रान’ आणि ‘अरघट्ट’चा ‘रहाट’ झाला, तसेच हे. ‘अ‍ॅक्यूट’ लॅटिनमधला, टोकदार या अर्थाचा, आणि त्याच्या मुळाशी सुईचा शब्द आहे. पुतणीच्या भूमितीच्या वहीत लघुकोनाला जे ‘अ‍ॅक्यूट अँगल’ म्हटले आहे, ते हेच. वही उघडून कोनाच्या टोकावर बोट ठेवले, तेव्हा तिला ते चटकन उमगले.

‘कूट’विषयी फार बोलण्याची गरज नाही. उच्चार जुळला म्हणून नाते जुळत नाही. तसे असते तर शेंगदाण्याच्या कुटालाही क्यूट म्हणावे लागले असते.

एवढे मात्र मान्य करावे लागेल, की हा शब्द सुरुवातीला सौंदर्याचा नव्हता. ‘गोड, देखणा’ हा अर्थ त्याला १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बोलीत मिळाला, आणि ‘फाजील शहाणपणा करणारा’ अशी छटाही तिथल्या बोलण्यात आजवर टिकून आहे. परंतु सुंदर नव्हे म्हणजे कुरूप, ही उडी संदेश लिहिणाऱ्याची स्वतःची आहे. जुनाच अर्थ धरायचा, तर पोरीला ‘हुशार’ म्हटले असे होते, आणि आजचा धरला तर ‘गोड’. आत्याच्या मनात हा दुसराच अर्थ होता, हे मी पुतणीसमोर तिला फोन लावून विचारून घेतले.