लागेल कधीतरी. पण कुणाला?

आज सकाळी भंगारवाल्याने आमच्या बाबांची व्हीलचेअर काट्याला टांगली. १७ किलो भरली. मग म्हणाला, "मॅडम, रबर आणि रेक्झिनचे पैसे नाही मिळणार, दोन किलो कमी धरतो." मी टायरला बोट लावून बघितलं तर शिळ्या बिस्किटासारखा तुकडा पडला. बसायचं रेक्झिन घडीवर उभं फाटलं होतं. चाकं मात्र चकचकीत. दिसायला अजून नवी.

तेव्हापासून जे डोक्यात फिरतंय ते लिहून टाकते, नाहीतर आज झोप लागणार नाही.

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे, या महिनाअखेर चाव्या द्यायच्या. त्यामुळे चार दिवस माळा उपसणं चाललंय. जुन्या डोंबिवलीकरांना आमचा माळा वेगळा सांगायला नको, तुमच्याकडेही तोच आहे. श्रीखंडाचे डबे एकात एक घातलेले, झाकणं वेगळ्या पिशवीत. धुऊन, वाळवून, रबरबँड लावलेल्या दुधाच्या पिशव्या. विकून टाकलेल्या टीव्हीचं खोकं, आत थर्माकोलसकट. कुकरच्या सैल पडलेल्या रिंगा. न पेटणाऱ्या स्टोव्हच्या पिना. आणि प्रत्येक वस्तू खाली आली की सासूबाईंचं एकच वाक्य, "असू दे गं, लागेल कधीतरी."

काल रात्री कुणीतरी एक रील पाठवलं. वर्षभर वापरलं नाही ते फेका म्हणे. असा संताप आला! फेका काय फेका? माझ्या सासूबाईंनी १९७२चा दुष्काळ माण तालुक्यात काढलाय. कडेवर मूल घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, सुकडीच्या सरकारी खाऊसाठी पोरांना रांगेत बसवलं. मग मुंबईकडे आल्या तर गॅसचा नंबर लागायला वर्षं, रॉकेलला रेशनची रांग, फोन तर विचारूच नका. त्या बाईने सुतळीचा तुकडा जपला तर तिला कुणी रीलमधून शहाणपण शिकवायचं कारण नाही. ज्याला बटण दाबलं की दहा मिनिटांत दारात वस्तू येते, त्याने फेकण्याच्या गप्पा माराव्यात.

आणि मान्य आहे, लागतंही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये त्यांच्या जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवून आम्ही अख्ख्या मजल्याला वाटले. बरोबर होत्या त्या.

पण व्हीलचेअर.

२०११ साली बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायू झाला तेव्हा घेतली. चौदा महिने ते त्यात बसले. संध्याकाळी गॅलरीत नेऊन ठेवलं की येणाऱ्याजाणाऱ्याला डाव्या हाताने नमस्कार करायचे. ते गेल्यावर तेराव्यानंतर ह्यांनी ती नीट पुसली, घडी घातली, बाबांच्याच चादरीत गुंडाळली आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवली. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, उद्या माझ्यावरच वेळ आली तर." कोण काय बोलणार त्यावर?

२०१८ साली आमच्या पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचे मालक परांचीवरून पडले. रंगकाम करायचे. मांडीत रॉड घातला. त्यांच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, नाक्यापर्यंत चालत जावं लागतं. १९ वर्षांचा मुलगा बापाला पाठीवर घेऊन नाक्यापर्यंत न्यायचा, तपासणीला, ड्रेसिंगला, प्रत्येक वेळी. हे सगळं मला माहीत होतं! ताई पोळ्या लाटता लाटता रोज सांगायच्या. मी ऐकायचे, हळहळायचे. २००० रुपये दिले, दोन साड्या दिल्या, महिन्याचा पगार कापला नाही. मला वाटलं, आपण केलं.

आणि ती खुर्ची त्या लाटत उभ्या असायच्या त्या ओट्याच्या बरोब्बर वर होती. हात वर केला असता तर चादर हाताला लागली असती.

मला सुचलंच नाही. देवाशप्पथ सांगते, द्यायची नाही असं कधी मनात आलं नव्हतं. मनात खुर्चीच नव्हती. वस्तू माळ्यावर गेली की ती आपल्यापुरती मरते, हे मला आज कळलं. आपण म्हणतो जपून ठेवलंय. कसलं जपलंय? स्लॅबखालची मे महिन्याची धग आणि वर आपला चार महिन्यांचा दमटपणा, त्यात रबर काय टिकणार? वापरात असती तर कुणीतरी टायर बदलले असते, तेल घातलं असतं.

परवा माळा उपसायला मदतीला ताईच होत्या. त्यांनीच वरून ओढली. चादर सुटली. दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ही होती होय?"

एवढंच. आवाज चढला नाही, तोंड वाकडं केलं नाही. कपड्याने धूळ पुसली आणि मला खाली धरायला दिली. त्यांचे मालक आता काठी घेऊन चालतात, बरे आहेत, मुलाच्या कमरेचं दुखणं मात्र कायमचं राहिलंय. त्या शिव्या घालत्या तर बरं झालं असतं.

सासूबाईंवर चिडायला गेले होते मी परवा, खोटं कशाला बोलू. तुमच्या "लागेल"मुळे झालं असं म्हणणार होते. आणि तेवढ्यात माळ्याच्या पार मागच्या कोपऱ्यातून त्यांचं मोठं पितळी पातेलं निघालं. काठाखाली ठोक्याठोक्याने नाव घातलेलं, सासऱ्यांचं नाव, आडनाव, गाव. मी विचारलं, स्वतःच्या घरातल्या भांड्यावर गाव कशाला घालायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, "घरात राहणाऱ्या भांड्याला नाव कशाला लागतं? हे कुठं घरात असायचं! कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं. निम्मं वर्ष बाहेरच. नाव असलं की फिरून घरी येतं."

मला एकदम लख्ख झालं. त्यांचं "लागेल" म्हणजे आळीत कुणालाही लागेल. पाटे, परात, घंगाळ, सतरंज्या, बाळंतिणीची बाज, सगळं ह्या घरातून त्या घरात. कुणाकडे काय आहे हे सगळ्यांना पाठ. आपण वाक्य तेच ठेवलं आणि दाराला लॅच लावला. आता "लागेल" म्हणजे मला लागेल, माझ्या लेकीला लागेल, आणि लेक राहते पुण्यात टू बीएचकेमध्ये, तिला आईचं काही नको आहे.

म्हणून मला त्या फेका-फेका म्हणणाऱ्यांचा जितका राग येतो तितकाच आज स्वतःचा येतोय. एका घरात माणूस पाठीवरून नेत होते आणि दुसऱ्या घरात खुर्ची चादर पांघरून झोपली होती. मधे अंतर किती, पंधरा मिनिटांचं.

कुणी म्हणेल, दिलं आणि नेमकी आपल्यालाच गरज पडली तर? पडेल, पडू शकते. मग मागून आणू. बऱ्याच ठिकाणी डिपॉझिटवर रुग्णसाहित्य देणारी मंडळं आहेत, व्हीलचेअर, एअरबेड, पलंग सगळं मिळतं. मागायची लाज वाटते म्हणून आपण साठवतो, मला तरी असंच वाटायला लागलंय.

श्रीखंडाचे डबे आणि टीव्हीचं खोकं गेलं. सासूबाई दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या, मी त्यांना समोर उभं केलं नाही. पातेलं कुठेही जाणार नाही, ते नव्या घरात सगळ्यांच्या हाताशी राहील. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंय, २५ माणसांचा भात होतो, न्या.

आता कामाचं. माळ्यावरून बाबांचा वॉकर निघालाय, ॲल्युमिनियमचा, उंची कमीजास्त होते. पायाचे रबरी बूट गेले होते, ते आज संध्याकाळी स्टेशनजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून नवे बसवून आणले. कमोडची खुर्ची आहे, एक पाय किंचित गंजलाय, पण दणकट आहे, ह्यांनी बसून बघितलं. एअरबेड आहे, पंप चालतो, रात्रभर फुगवून ठेवला होता, सकाळी जसाच्या तसा होता. पैसे, डिपॉझिट काही नको. डोंबिवली पूर्व, पश्चिम, कल्याण, ठाकुर्ली, कुठेही असेल तर मुलगा स्कूटरवरून आणून देईल. तुमच्या घरी नसेल गरज, तर तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना, वॉचमनना, इस्त्रीवाल्यांना आज विचारा. आपणहून विचारा, ते सांगत नाहीत.

इनबॉक्स करा. मी जागी आहे.