आधी खड्डा, मग एलेव्हेशन

गेल्या महिन्यात एक क्लायंट पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, आधी एलेव्हेशन दाखवा, बाकीचं नंतर बघू." एलेव्हेशन म्हणजे इमारत बाहेरून कशी दिसणार त्याचं चित्र. प्लॉट कसा, तर त्रिकोणी. एका अंगाला उड्डाणपूल, दुसरीकडे जुनी दुमजली घरं अगदी खेटून, आणि पोटातून बंदिस्त नाला. त्यावर यांना चाळीस मजले हवेत. मी म्हटलं, एलेव्हेशन सगळ्यात शेवटी, आधी गाड्या कुठे उभ्या राहणार ते बघू. साहेबांचं तोंड उतरलं. उतरू दे.

अवघड प्लॉटवरची इमारत खालून वर सुचत जाते, यावर मी ठाम आहे. वरून खाली आणली की तळाशी कुठेतरी फसतेच, आणि तो घोळ निस्तरायला आपण स्ट्रक्चरल इंजिनिअरला पुढे करतो.

पार्किंगच घ्या. एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंदी लागते. दोन कॉलममध्ये तीन गाड्या लावायच्या तर साडेसात मीटर मोकळे हवेत. वर बेडरूम मात्र सव्वातीन मीटरची. म्हणजे वर भिंतीत छान दडवलेला कॉलम खाली उतरतो तो नेमका गाडीच्या दारात. मग ट्रान्सफर गर्डर, म्हणजे वरच्या कॉलमचं ओझं खालच्या दुसऱ्या कॉलमांवर नेणाऱ्या जाड तुळया टाका, दोन-दोन मीटर खोल, की गेला जवळपास एक मजला. त्यात त्रिकोणी प्लॉट असला की गाड्या खाली-वर नेणाऱ्या रॅम्पचं वळण कोपऱ्यात घुसमटतं. या प्लॉटचा रॅम्प मी अकरा वेळा काढलाय, तोही ट्रेसिंग पेपरवर हाताने. (कॉम्प्युटरवर काढलेला रॅम्प नेहमीच बसतो, गाडी बसत नाही.)

खालची अडचण मान्य केली की काय होतं ते व्हँकुव्हर हाउस या उंच निवासी इमारतीत दिसतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ग्रॅनव्हिल पुलाच्या फाट्यांमधला हा प्लॉट. पुलावरच्या गाड्यांची वर्दळ लोकांच्या खिडकीशी नको म्हणून 30 मीटर अंतर सोडायचं होतं, त्यामुळे तळाला उरला चिंचोळा त्रिकोण. डॅनिश आर्किटेक्ट ब्यार्के इंगेल्स यांच्या फर्मने तो त्रिकोण तसाच ठेवला, आणि इमारत पुलाच्या वर निघाल्यावर हळूहळू रुंदावत नेत शेवटी चौकोन केला. लोक तिला नखरेल म्हणतात. अहो, नखरा कसला, तो पुलाचा हिशेब आहे!

उलट्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर. 58 मजली, 2009 मध्ये पूर्ण झालेला. त्याचे पाइल, म्हणजे पायाचे जमिनीत खोल घातलेले खांब, खडकापर्यंत गेलेच नव्हते, वरच्या घट्ट वाळूत थांबले होते. 2016 मध्ये गवगवा झाला तेव्हा इमारत सुमारे 40 सेंटीमीटर खचून एका बाजूला कललेली होती. पुढे फुटपाथमधून खडकापर्यंत नवे पाइल घालून तिला टेकू द्यावा लागला. एवढं महागडं घर घेणाऱ्या कुणी पाइल कुठपर्यंत गेलेत हे विचारलं असेल असं मला वाटत नाही.

वाऱ्याचं थोडक्यात सांगते. ऑफिसची इमारत डुलली तर माणसं संध्याकाळी घरी जातात. घरात माणूस रात्री आडवा पडून छताकडे बघत असतो, त्याला तो डोल चांगलाच कळतो. म्हणून डोलण्याच्या मर्यादा घरांसाठी जास्त कडक धरतात.

शेजाऱ्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बेसमेंट खणताना पाणी उपसलं की आजूबाजूचं भूजल उतरतं, आणि बाजूचं घर काही न करता खचायला लागतं. मागच्या एका कामात खणायच्या आधी आम्ही शेजारच्या घरातल्या जुन्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तडा जरा जरी वाढला तरी काच तडकते. तिथल्या आजी रोज सकाळी चष्मा लावून पट्टी बघायच्या आणि कुंपणापाशी येऊन आमच्या सुपरवायझरला ओरडून सांगायच्या, "शाबूत आहे रे!" एका सकाळी त्या काहीच न बोलता नुसत्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी पंप बंद केले, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही ड्रॉइंग बदलत बसलो.

काल साहेबांचा पुन्हा मेसेज आला, "एलेव्हेशन कधी?" मी बारावा रॅम्प पाठवलाय.