‘कंपायलर कधी चुकत नाही’ म्हणे!

फोर्ट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चुकत नाही, चुकतो तो प्रोग्रॅमर; एरर आली म्हणजे कोड चुकलाच; आणि तोच कोड दुसऱ्या कंपायलरवर चालला, तर मात्र तो बरोबर. तिसरं वाक्य पहिल्या दोघांच्या मुळावर उठतं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. जीसीसी या कंपायलर-संचाच्या बगनोंदींमध्ये ‘रिजेक्ट्स-व्हॅलिड’ असा वेगळा शेराच आहे. कोड वैध, तरी कंपायलरने नाकारला, असा त्याचा अर्थ. कंपायलर बनवणारेच चूक मान्य करतात, तिथे आपण कशाला त्यांची वकिली करायची?

दुसरा मुद्दा. कोड वैध की अवैध हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्ड ठरवतं, कंपायलर नव्हे. फोर्ट्रानमध्ये राखीव शब्दच नाहीत, म्हणजे भाषेचे स्वतःचे शब्दही नाव म्हणून वापरता येतात. ‘इफ’ हा अट घालण्याचा शब्द, तरी त्या नावाचा व्हेरिएबल खुशाल घ्या; ‘इफ (इफ == ३) इफ = ४’ ही ओळ वैध आहे. आणि ‘इफ (२) = ५’? ‘इफ’ नावाचा ॲरे (किमतींची यादी) असेल, तर तीही वैध! कंस मिटून पुढे बरोबरचं चिन्ह दिसेपर्यंत ही अट आहे की ॲरेत किंमत भरली जातेय, ते पार्सरला, म्हणजे कंपायलरच्या कोड वाचणाऱ्या भागाला, कळत नाही. (असा कोड कुणी लिहू नये, हा भाग वेगळा.) अशा भाषेच्या कंपायलरमध्ये एखादा कोपरा सुटणारच.

मात्र प्रत्येक नकार हा बग नसतो. फ्री फॉर्ममध्ये (फोर्ट्रान लिहिण्याच्या आधुनिक, मोकळ्या मांडणीत) ओळीची मर्यादा १३२ अक्षरांची होती, फोर्ट्रान २०२३ने ती १०,००० केली. जुन्या कंपायलरने लांब ओळ अडवली, तर तो फक्त जुना आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक. दशांश संख्या आठ बाइटमध्ये ठेवायला सांगणारं ‘रिअल*८’ कुठल्याच स्टँडर्डमध्ये नाही, तरी बहुतेक कंपायलर ते मुकाट घेतात; म्हणजे चालला म्हणून कोड वैध ठरत नाही. जीसीसीच्या फोर्ट्रान कंपायलरची, जीफोर्ट्रानची, दहावी आवृत्ती आली तेव्हा कित्येक जुने कोड बिल्ड होईनात. एकाच सबरूटीनला (नाव घेऊन बोलवायच्या उपप्रोग्रॅमला) एका ठिकाणी रिअल (दशांश संख्या), दुसऱ्या ठिकाणी इंटिजर (पूर्णांक) दिलेला. आधी ते एरर न येता खपून जायचं, आता एरर आली. लोकांनी कंपायलरला शिव्या घातल्या, पण तेव्हा बरोबर होता तो कंपायलरच.

म्हणून एरर आली की आधी कोड छाटून दहा ओळींवर आणा आणि कोणता नियम मोडतोय ते स्टँडर्डमध्ये शोधा. एकही सापडला नाही, तर त्या दहा ओळी आणि कंपायलरची आवृत्ती देऊन बग नोंदवा.