‘१८९३चा कागद उकरून काय मिळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पाकिस्तान-अफगाणिस्तान संघर्षावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर आणि इतकं तिखट लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. मूळ प्रतिक्रिया न वाचलेल्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे. ऑक्टोबर २०२५ची चकमक पाकिस्तानी सरकारशी लढणाऱ्या तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान (टीटीपी) या संघटनेच्या हल्ल्यांवरून झाली, त्यात ड्युरंड रेषा, म्हणजे १८९३च्या करारानं ठरलेली आजची पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमा, ओढून आणणं म्हणजे नुसतं पांडित्य. इतिहासातून ज्याला जे हवं ते सिद्ध करता येतं. आणि अफगाण अब्दालीच्या काळी होते तसेच आजही आहेत, त्यामुळे त्यांचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांच्यासाठी दिल्लीत पायघड्या घालणं हा शुद्ध मूर्खपणा.

म्हणजे पहिल्या दोन आक्षेपांत इतिहास बिनकामाचा आणि तिसऱ्यात तुम्ही थेट १७६१मध्ये! असो.

तात्कालिक कारणावरून आपलं भांडणच नाही. टीटीपी २००७मध्ये उभी राहिली, ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यानंतर तिचे हल्ले वाढत गेले, आणि तिच्या लोकांना सीमेपलीकडे आसरा मिळतो ही पाकिस्तानची तक्रार खोटी नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या तालिबानला पाकिस्ताननं पोसलं, ज्यांच्या पहिल्या राजवटीला मान्यता देणाऱ्या जगातल्या तीनच देशांमध्ये पाकिस्तान होता, ते आज पाकिस्तानचं का ऐकत नाहीत? ‘कृतघ्न आहेत म्हणून’ असं तुम्ही म्हणता. ठीक. मग त्यांच्या आधीच्यांचं काय?

३० सप्टेंबर १९४७ रोजी पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश देण्याचा ठराव आला तेव्हा विरोधात एकच मत पडलं, ते अफगाणिस्तानचं. पुढच्या महिन्यात ते मागे घेतलं गेलं, पण पडलं होतं. तेव्हा काबूलमध्ये झहीर शाह हा राजा होता. १९४९मध्ये पाकिस्तानी विमानांनी अफगाण हद्दीत बाँब टाकले आणि काबूलच्या लोया जिर्गानं (टोळ्यांच्या प्रमुखांची महासभा) इंग्रजांशी झालेले जुने सीमाकरार रद्द ठरवले. १९६१मध्ये पंतप्रधान दाऊद खान यांनी पख्तुनिस्तानचा, म्हणजे पाकिस्तानातल्या पश्तूनांच्या वेगळ्या प्रदेशाचा मुद्दा इतका ताणला की राजनैतिक संबंध तुटले, सीमा बंद झाली, फळं ऐन हंगामात अडकली. १९६३मध्ये दाऊदना पायउतार व्हावं लागलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्याच दाऊदनी १९७३मध्ये राजाला हटवून प्रजासत्ताक आणलं, १९७८मध्ये दाऊदना मारून कम्युनिस्ट आले, पुढे मुजाहिदीन, मग तालिबान. यातल्या एकानंही ड्युरंड रेषेला सीमा म्हणून मान्यता दिली नाही. पहिल्या तालिबान राजवटीनं तर नाहीच, आणि ती तर पाकिस्तानच्या जिवावर उभी होती.

राजा, कम्युनिस्ट आणि मुल्ला यांचं दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर एकमत झालेलं मला तरी माहीत नाही. एखादं सरकार असं वागलं तर तो त्या माणसांचा स्वभाव म्हणता येईल. एकमेकांचे गळे कापणारी सरकारं ओळीनं तशीच वागली, तर कारण सरकारच्या बाहेर शोधावं लागतं. तलाठी बदलला म्हणून बांधाचा दावा मिटत नाही, तसं आहे हे.

ते कारण १८९३च्याही मागचं आहे, आणि तिथे आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो. पुढे पुण्यात रेसिडेंट म्हणून बसून पेशवाई बुडवणारा, मग मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा १८०९मध्ये कंपनीचा वकील म्हणून अफगाण बादशहा शाह शुजाला भेटायला गेला. कुठे? पेशावरला. अफगाण बादशहाचा दरबार तिथे भरला होता, कारण पेशावर ही दुराणी राज्याची हिवाळी राजधानी होती. पुढच्या पंचवीस वर्षांत ते रणजितसिंहांच्या राज्यात गेलं, १८४९मध्ये शीख राज्यासकट इंग्रजांकडे आलं. नोव्हेंबर १८९३मध्ये इंग्रज सरकारचा परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरंड आणि अमीर अब्दुर रहमान यांनी सह्या केल्या तेव्हा पेशावर हातचं जाऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या. ड्युरंडनं त्यावर शिक्का मारला आणि शिवाय पश्तून टोळ्यांच्या मधून रेघ ओढली. (हो, फुटबॉलचा ड्युरंड कप याच गृहस्थाचा.)

पाकिस्तानची बाजू लंगडी आहे असं मात्र मी कुठेही म्हटलेलं नाही. अमिराचा सालाना तनखा त्याच करारानं १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाला आणि त्यानं तो घेतला. नंतरच्या काबूलच्या राज्यकर्त्यांनी १९०५, १९१९ आणि १९२१च्या करारांत ती रेषा पुन्हा मान्य केली. कायद्याच्या कोर्टात पाकिस्तान बहुधा जिंकेल. पण काबूलमध्ये बसलेला कुणीही, ‘पेशावरवरचा हक्क मी सोडला’ असं लिहून देऊन कंदहारमध्ये तोंड दाखवू शकत नाही, आणि तालिबानचं तर घरच कंदहार.

उद्या तालिबान पेशावरवर चाल करून जाईल, असं यातून निघत नाही. लढाई टीटीपीमुळेच पेटते. पण ती विझवायला कागद करायची वेळ आली की गाडी अडते. ऑक्टोबरमध्ये कतार आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीनं दोहात युद्धविराम झाला. कतारच्या निवेदनात आधी दोन देशांमधल्या सीमेचा उल्लेख होता, काबूलनं हरकत घेतली आणि तो वगळून निवेदन पुन्हा काढावं लागलं. माणसं मरत असताना दोन्हीकडचे लोक यावर वाद घालत होते. म्हणून १८९३.

आता ‘इतिहासातून काहीही सिद्ध करता येतं’. येतं, साम्य शोधत बसलं तर. अब्दाली अफगाण, तालिबान अफगाण, झालं सिद्ध. पण त्याच पानिपताकडे नीट पाहिलं तर अब्दालीला बोलावणारा नजीबखान इथल्याच रोहिल्यांचा सरदार, त्याला मिळालेला शुजाउद्दौला अवधचा, आणि लढाई जिंकल्यावर पेशव्यांशी सलोख्याची बोलणी लावणारा खुद्द अब्दाली. त्याला पंजाब हवा होता, दख्खनमध्ये रस नव्हता; आणि पंजाबही शिखांनी त्याच्या हाती राहू दिला नाही. यातून ‘अफगाण असेच’ कसं निघतं ते मला सांगा. आपल्याला अटक आणि पानिपत आठवतं, कारण ते आपलं आहे. काबूलच्या आठवणीत मराठे फारसे नाहीत. तिथे शीख आणि इंग्रज आहेत. परराष्ट्र धोरण समजून घ्यायचं तर समोरच्याची आठवण कामाची, आपली नव्हे.

मी साखळी मागतो. कुठला करार, कुणी मोडला, कुठली खिंड, तिथून रोज कोण जातं-येतं, पैसा कुणाचा. प्रत्येक कडी तपासता येते आणि चुकली तर दाखवता येते. साम्य तपासताच येत नाही.

आणि ही साखळी ओढत गेलं की ती आपल्याच दारात येते, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हल्ली आपल्याकडे बरेच जण उत्साहानं लिहितात की ड्युरंड रेषा साम्राज्यवाद्यांनी लादलेली, भारतानंही ती झुगारावी. भारत सरकारच्या अधिकृत हिशेबात अफगाणिस्तानशी आपली १०६ किलोमीटरची सीमा आहे, पाकव्याप्त प्रदेशातून अफगाणिस्तानच्या ईशान्येकडच्या वाखान पट्ट्याला भिडणारी. तीही त्याच ड्युरंड रेषेचा तुकडा. त्याहून मोठी गोष्ट मॅकमहोन रेषेची. अरुणाचलमधली आपली सीमा १९१४च्या सिमला परिषदेतून आली आणि ‘इंग्रजांनी लादलेली, आम्हाला अमान्य’ हेच चीन तिच्याबद्दल म्हणत आला आहे. हेन्री मॅकमहोन कोण? १८९४ ते १८९६ या काळात बलुचिस्तानच्या बाजूला ड्युरंड रेषेचे खांब रोवत फिरणारा तरुण कॅप्टन! दोन्ही रेषांवर इंग्रजांच्या एकाच परराष्ट्र खात्याची, बऱ्याच अंशी त्याच माणसांची छाप आहे. पश्चिमेकडची रेषा वसाहतवादी म्हणून पुसायची आणि पूर्वेकडची वारसाहक्कानं आपली, असं दिल्लीनं म्हटलं तर बीजिंगमध्ये त्याची नोंद घेतली जाईल.

म्हणून मुत्तकींबद्दल माझं मत तुमच्याहून वेगळं असलं तरी तुम्हाला वाटतं तितकं भाबडं नाही. काबूलमधल्या तांत्रिक कार्यालयाचा दर्जा वाढवून पुन्हा दूतावास करणं मला योग्य वाटतं. औषधं द्यावीत, धान्य द्यावं, इराणमधल्या चाबहार बंदराची वाट उघडी ठेवता येईल तितकी ठेवावी. मुलींच्या शाळा बंद ठेवणाऱ्यांशी बोलताना चेहऱ्यावर जितकं हसू आणावं लागतं तितकंच आणावं. पण रेषेवर भारतानं अवाक्षर काढू नये. ज्या दिवशी आपला एखादा मंत्री जाहीर सभेत टाळ्यांसाठी ड्युरंड रेषा खोडून टाकेल, त्या दिवशी मी तुमच्याही पुढे जाऊन टीका करीन.

बलुचिस्तानचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत काढला आहे. सीमेवरच्या चमन गावाच्या खाली या रेषेची गोष्ट पुष्कळ बदलते, कलात संस्थानाचं १९४८मधलं विलीनीकरण त्यात येतं. दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही, स्वतंत्रपणे लिहितो.