आधी आपलं, मग आईबाबांचं

सुट्टीत सांगलीला गेलो की बाबांच्या मित्रमंडळींत हा विषय निघायचाच. कुणी म्हणे, इच्छापत्र करून ठेवावं. लगेच दुसरा म्हणे, ज्यांच्या घरात भांडणं आहेत त्यांनी करावं. बाबा दुसऱ्या बाजूचे. "तुम्ही तिघं समजूतदार आहात, कागद कशाला?"

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आम्हा भावंडांत भांडण झालं नाही, आजही नाही. तरीही त्यांचं चुकलंच असं मला वाटतं.

कपाटात त्यांची डायरी सापडली. विम्याचे नंबर, लॉकरची किल्ली कुठे आहे ते, आणि शेवटच्या पानावर निळ्या शाईत एकच ओळ: "घर हिच्या नावे." अक्षर त्यांचंच. पण खाली सही नाही, साक्षीदार नाहीत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करावीच). तीन सह्यांअभावी ती ओळ कायद्याच्या लेखी कोरीच राहिली.

सोसायटीत आई नॉमिनी होती, म्हणून घर आपोआप तिचं, असं आम्ही धरून चाललो होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने घराचे चार सारखे वाटे झाले: आई आणि आम्ही तिघं. ते तिच्या एकटीच्या नावावर करायला आम्हा तिघांचं हक्कसोडपत्र लागलं. मी इथून, इंग्लंडहून कुलमुखत्यारपत्र पाठवलं, त्यात काही महिने गेले. ताईने सही केली त्या दिवशी आई रडली. म्हणाली, "माझंच घर मी तुमच्याकडून मागून घेतेय असं वाटतं."

इंग्लंडमध्ये घर घेतलं तेव्हा वकिलाने पहिल्याच भेटीत विचारलं, इच्छापत्र आहे का? इथले सहकारीही चालढकल करतातच, पण हा प्रश्न कुणाला अशुभ वाटत नाही. इच्छापत्र नसेल तर लग्नाच्या जोडीदारालाच सगळं मिळतं असंही इथे नाही. मुलं असतील तर जोडीदाराला आधी ३,२२,००० पौंड आणि उरलेल्यातलं अर्धं, बाकीचं मुलांचं. आमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं होतं ते लेकीचं पालकत्व. आम्ही दोघं एकदम गेलो तर तिला कोण सांभाळणार, हे लिहून ठेवायची नेहमीची जागा म्हणजे इच्छापत्र.

दोन देशांत मालमत्ता असलेल्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. इथल्या मसुद्याची सुरुवात बहुधा "यापूर्वीची माझी सर्व इच्छापत्रे रद्द" अशी असते. भारतातल्या घरासाठी वेगळं इच्छापत्र केलेलं असेल, तर हे एक वाक्य तेही रद्द करू शकतं. इथलं इच्छापत्र फक्त इथल्या मालमत्तेपुरतं आहे, असं वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्यावं.

परदेशातल्या मुलाने आईवडिलांना "इच्छापत्र करा" म्हटलं की त्या बोलण्याला हिश्शाचा वास येतो. ते भान मलाही होतं, म्हणून बाबांपुढे मी कधी तोंड उघडलं नाही. आता वाटतं, तेव्हाच आपलं आधी करून त्यांच्यापुढे ठेवायला हवं होतं.

या वेळी तेच केलं. आईला सांगितलं, मी माझं केलंय, कुठे ठेवलंय आणि त्यात काय आहे. ती ऐकून घेऊन जेवणाकडे वळली. आठवड्याने तिचाच फोन आला.

"साक्षीदार डॉक्टरच हवा का रे? शेजारच्या काकू नाही चालणार?"

"चालतील की," म्हटलं, "पण दोघं हवेत."