आधी सांगायला पाहिजे होतं म्हणे!

आमच्या कारखान्याचं मेंटेनन्स मी बघतो. काल दुपारी मीटिंगमध्ये, बारा माणसांसमोर, धाकटे मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "साहेब, तुम्ही हे आधी सांगायला पाहिजे होतं." त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात तीन चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स होत्या. 3 मार्च, 24 मार्च, 11 एप्रिल. विषय तिन्हींचा एकच. मागांना दाबलेली हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरचा कूलर धुवायला आणि ऑइल, फिल्टर, सेपरेटर बदलायला रविवारी चार तास बंद द्या, खर्च 38 हजार. तिन्हींवर त्यांचीच सही, आणि सहीच्या वर त्यांच्याच अक्षरात: 'चालू आहे ना? पुढच्या महिन्यात बघू.'

आधी म्हणजे अजून किती आधी?

गेल्या मंगळवारी पहाटे सव्वादोनला तो कॉम्प्रेसर जाम झाला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. आठ एअरजेट माग त्या एकाच कॉम्प्रेसरवर चालतात. हवा गेली की बाणा, म्हणजे आडवा धागा, जात नाही, आणि बाणा गेला नाही की आठही माग जागेवर उभे. रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, मोठा आवाज झाला, आता रिसेट पण घेईना." मी स्कूटर काढून पोचलो तर शेडच्या बाहेरपर्यंत जळक्या तेलाचा वास. टॉर्च लावून आत बघितलं. कूलरच्या जाळीवर कापसाचा फ्लफ तेलात भिजून असा बसला होता की नखानं एक कोपरा ओढला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा थर निघून हातात आला. त्याच्यामागं हवा जायला एक फट शिल्लक नव्हती. ऑइल काढलं, ते काकवीसारखं काळं आणि चिकट. शाफ्ट हातानं फिरवायला गेलो, केसभर हलला नाही. एअर-एंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भागच, संपला होता.

नवीन एअर-एंड 4 लाख 60 हजार. यायला आणि बसायला चार दिवस. आठ माग चार दिवस उभे, न्हावाशेवा बंदराला जायचा कंटेनर चुकला, पीसवर काम करणाऱ्या मागवाल्यांचा चार दिवसांचा रोज बुडाला. हे सगळं 38 हजार आणि एका रविवारचे चार तास द्यायचे नव्हते म्हणून.

आणि तो कॉम्प्रेसर काही गुपचूप मेला नाही. लॉगशीट भिंतीला टांगलीय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डिस्चार्ज टेंपरेचर 88, मग 93, मग 97, एप्रिल संपताना 104. ट्रिपचा, म्हणजे मशीन आपोआप बंद व्हायचा, आकडा 110. बाहेर सोलापूरचं ऊन 43 अंशांवर, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. ऑइल दहा अंशांनी जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, हे ऑइल विकणारा पोरगासुद्धा सांगतो. शेवटच्या आठवड्यात मशीन 110 ला जाऊन स्वतःच बंद व्हायचं, आणि वरून निरोप यायचा, रिसेट मारा, चालवा. अकरा वेळा रिसेट मारलाय, अकरा! दरवाजे उघडून समोर पेडेस्टल फॅन लावला. मी घसा फोडून सांगत होतो की दरवाजे उघडले की कूलरमधून ओढली जाणारी हवा भलतीकडूनच आत शिरते, कूलर अजून तापतो. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो, "हात लावून बघा की ओ साहेब, गार लागालंय." पत्रा गार लागतोय म्हणून आतलं तेल गार होतं का?

त्या झेरॉक्स मी काढून टेबलावर ठेवल्या. एकानं हात लावला नाही. हिशेबनीसांनी पाण्याची बाटली उचलून दुसरीकडं ठेवली, तेवढी फक्त चिठ्ठ्यांच्या बाजूला हालचाल झाली. थोरले मालक म्हणाले, "झालं ते झालं, आता पुढचं बोला." झालं ते झालं कसं? बावीस वर्षं या खात्यात काढली. चूक माझी असती तर मी तिथंच उभं राहून कबूल केली असती. 2019 ला वार्पिंगच्या मोटरची फेज उलटी जोडली गेली तेव्हा भर शेडमध्ये सांगितलंय की माझ्या हातून झालं. पण बारा माणसांसमोर खोटं माझ्या अंगावर टाकायचं आणि कागद समोर आल्यावर 'पुढचं बोला' म्हणायचं, हे मी विसरणार नाही. त्या बारांमध्ये माझ्या हाताखालची दोन पोरं होती. उद्यापासून त्यांनी चिठ्ठी लिहायची कशाला?

मग पुढचं सुरू झालं. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी पडद्यावर चार चौकोन दाखवले. ब्रेकडाउन म्हणजे बिघडल्यावर दुरुस्ती, प्रिव्हेंटिव्ह म्हणजे ठरल्या तारखेला, प्रेडिक्टिव्ह म्हणजे खुणा बघून बिघडायच्या आधी, आणि टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) म्हणजे चालवणाऱ्यासकट सगळ्यांनी मशीनची निगा राखायची. कंपनीनं यातली एक मेंटेनन्स स्ट्रॅटेजी निवडायची म्हणे, आणि चक्क हात वर करून मतं घेतली! हिशेबनीसांचा हात ब्रेकडाउनला, कारण त्यात आत्ता खर्च नाही. धाकट्या मालकांचा प्रेडिक्टिव्हला, कारण मोबाइलवर ग्राफ दिसतो. प्रॉडक्शन मॅनेजरचा हात कशालाच नाही, त्याला फक्त माग थांबायला नको. कुठल्या मशीनबद्दल बोलतोय हे एकानं विचारलं नाही.

अरे, कंपनीची एक स्ट्रॅटेजी असते कुठं? एका घरात आजोबांना बीपीची गोळी रोज लागते, पोराला ताप आला तरच औषध, म्हणून घराचं एकच प्रिस्क्रिप्शन काढता का? एक्झॉस्ट फॅन आहेत, हेमिंगच्या जादा सहा शिलाई मशीन आहेत, ट्यूबलाइट आहेत. ते बंद पडेपर्यंत चालवा, मी एक शब्द बोलणार नाही. पडलं तर दुसरं लावू, नुकसान शे-दोनशेचं. बॉयलरला तारीख म्हणजे तारीख. तिथं 1923 च्या कायद्यापासून निरीक्षकाची तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं, माणसं मरू शकतात, म्हणून तिथं कोण मला 'पुढच्या महिन्यात बघू' लिहून देत नाही. आणि कॉम्प्रेसर एकच आहे, जोडीला स्टँडबाय नाही, पडला तर आठ माग पडतात. त्याचं तापमान रोज बघायचं, आकडा चढायला लागला की त्याच आठवड्यात बंद घेऊन उघडायचं, आणि ऑइल-फिल्टर मशीन किती तास चाललं त्यावर बदलायचं. प्रत्येक मशीन कसं बिघडतं, बिघडायच्या आधी काही खूण देतं का, आणि बिघडलं तर किती महाग पडतं, एवढं विचारा आणि मग ठरवा. याला पुण्याहून माणूस बोलवावा लागतो?

सेन्सरचं तर बोलूच नका. कॉम्प्रेसरला सेन्सर होता की! कंपनीतूनच बसवून आलेला. त्याच्याच जोरावर तो 110 ला बंद होत होता. दोन महिने आकडा चढत होता, अकरा वेळा मशीननं स्वतः सांगितलं की मी चाललो. अजून कसला प्रेडिक्टिव्ह पाहिजे? आता 24 ठिकाणी व्हायब्रेशनचे सेन्सर लावून मोबाइलवर लाल दिवा आला तर रात्री दोनला मशीन बंद करायचा अधिकार कुणाला आहे? ऑपरेटरला? त्याला 'हात लावू नको' म्हणून दम दिलेला आहे. मला? मला चार तास मागायला तीन चिठ्ठ्या लागतात. सल्लागारांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "त्यासाठी एस्केलेशन मॅट्रिक्स बनवू." म्हणजे कुणी कुणाला कळवायचं त्याचा तक्ता. या शब्दाची मला चीड आहे.

आणि टीपीएम! जपानच्या नाकाजिमांनी मांडलेलं, 1971 साली निप्पॉनडेन्सो कंपनीला त्याचं पारितोषिक मिळालेलं, मोठं काम आहे ते, मी मनापासून मानतो. पण त्यात चालवणारा माणूस आधी स्वतःचं मशीन साफ करतो, कारण साफ करताना सैल बोल्ट, गळती, तडा हाताला लागतो. आमच्याकडं 2021 ला टीपीएमचा रंगीत बॅनर लागला आणि त्याच महिन्यात पाळी संपताना मिळणारी साफसफाईची पंधरा मिनिटं काढून घेतली, उत्पादनात पंधरा मिनिटं वाढवायला! बॅनर अजून आहे. त्याच्यावर फ्लफ बसलाय.

उलट्या टोकाचे शहाणे पण कमी नाहीत. ते म्हणतात दर वर्षी सगळं उघडा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुट्टीत आमच्याकडं चांगले चालणारे गिअरबॉक्स उघडायची पद्धत होती. एका वर्षी चार उघडले, त्यातला एक परत बसवताना ऑइल सील वाकडं बसलं, आठ दिवसांत ऑइल गळून गिअर खाल्ले गेले. न उघडता तसाच ठेवला असता तर चालत राहिला असता. 1978 मध्ये नोलन आणि हीप या दोघांनी युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून अहवाल लिहिला. त्यात वय झालं म्हणून बिघडणारे भाग निघाले फक्त 11 टक्के, आणि 68 टक्के भाग असे की नवीन बसवल्या-बसवल्या बिघडण्याचा धोका जास्त, नंतर वयाशी संबंधच नाही. माग म्हणजे विमान नाही, आमच्याकडं धूळ आणि झीज जास्त, मान्य. तरी विनाकारण पाना लावायच्या आधी हे वाचा.

ग्रीसचं तेच. कुणीतरी चेकलिस्टमध्ये लिहिलं 'दर महिन्याला ग्रीस'. कंत्राटी पोरगा गन घेऊन येतो आणि निप्पलमधून बाहेर येईपर्यंत मारतो. मोटरच्या बेअरिंगमध्ये ठासून ग्रीस भरलं की ते घुसळून तापतं, बेअरिंग जळतं. मोटर रिवाइंडिंगला जाते आणि रजिस्टरमध्ये टिक असते. रोजच्या तपासणीच्या टिका पण बघा एकदा! तीस दिवसांच्या टिका, एकाच पेनानं, एकाच तिरकसपणानं, ऑडिटच्या आदल्या रात्री मारलेल्या. आणि वार्षिक करारवाला इंजिनिअर? येतो, मशीनसमोर उभं राहून फोटो काढतो, चहा घेतो, शिक्का मारून जातो. त्यानं कूलर बघितला असता तर मला तिसरी चिठ्ठी लिहावी लागली नसती. त्याच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये 'ओके' लिहिलंय. तारीख 9 एप्रिल.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये ऑइलमन होते. फक्त तेल घालायचं काम, पण ते स्वतंत्र पद होतं, त्याला माणूस होता, त्याला वेळ दिलेली होती. लांब नळीची कुपी घेऊन एका ओळीत सगळे माग फिरायचे आणि घरी आल्यावर सांगायचे, अमक्या नंबरच्या मागाचा आवाज आज वेगळा होता. आमच्याकडं आत्ताआत्तापर्यंत एक जुने फिटर होते, पद्मशाली, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाउसिंगवर, मूठ कानाला, डोळे मिटून दहा सेकंद. मग तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे आणि मला म्हणायचे, "साहेब, पंधरा दिवस." तेराव्या-चौदाव्या दिवशी बेअरिंग बोलायला लागायचं. ते रिटायर झाले तेव्हा मी हात जोडून सांगितलं, सहा महिने त्यांना थांबवा, दोन पोरं त्यांच्या हाताखाली तयार करतो. महिन्याचे अठरा हजार वाचवायला नाही म्हणाले. आता सेन्सरसाठी बारा लाखांचं कोटेशन टेबलावर आहे.

खंडेनवमीला याच कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घातला होता. थोरल्या मालकांनी स्वतः हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, मशीनला हात लावून नमस्कार केला. मनापासून केला, मी शेजारीच उभा होतो. ज्याला लक्ष्मी म्हणून हात जोडता त्याला वर्षातले चार तास देत नाही, हे मला खरंच कळत नाही.

गावाचं पण असंच झालंय. नळाला रोज पाणी नाही आणि त्यात पाइप फुटला की रस्त्यावर नदी. फुटल्यावर पळायचं, फुटेपर्यंत बघायचं नाही. घरी बायको तेच म्हणते, तुमचं आणि गावाचं एकच आहे. तिला काय उत्तर देऊ?

आज नवीन एअर-एंड बसला. दुपारी लोडवर घेतला, 83 वर स्थिर आहे. सल्लागारांच्या चार चौकोनांची प्रिंट होती, तिच्या पाठीमागं मी आमच्या 41 मशीनची यादी लिहिलीय. प्रत्येकीपुढं एक ओळ: पडेपर्यंत चालवायचं, की तारखेला उघडायचं, की आकडा बघून थांबवायचं, आणि थांबवायचा हुकूम कुणाचा. कॉम्प्रेसरपुढं लिहिलंय: 95 ला कळवणार, 100 ला बंद, हुकूम पाळीवरच्या फिटरचा. सोमवारी सकाळी नऊला तो कागद मालकांपुढं ठेवणार आणि दोघांची सही मागणार. 'पुढच्या महिन्यात बघू' लिहिलं तर लिहू देत, त्याची पण झेरॉक्स काढीन. पण यापुढं कॉम्प्रेसर तापून ट्रिप झाला तर रिसेटचं बटण मी दाबणार नाही, माझी पोरं दाबणार नाहीत. ज्यानं बंद द्यायला नाही म्हटलं त्यानं रात्री दोनला उठून शेडमध्ये यावं आणि स्वतःच्या बोटानं दाबावं.